हृदयाच्या तारा आणि रोजची पायपीट

पहाटे साडेपाचच्या सुमारास पिपरी मेघेच्या रस्त्यांवर चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. त्यांतले बरेचसे ‘शुगर’वाले. कशासाठी चालता, असे विचारले की उत्तर ठरलेले : “शुगर खाली यावी म्हणून जी!” उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. चालण्याचा एक मोठा लाभ रक्ततपासणीच्या कागदावर कधी उमटतच नाही. तो हृदयाच्या मज्जातंतूंना होतो.

मेंदूचे निरोप हृदयापर्यंत नेणाऱ्या या तारांचे दोन संच असतात. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर एक चाबूक, दुसरा कासरा. एकाने ठोके वाढतात, दुसऱ्याने आवरले जातात. वर्षानुवर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली की या तारा झिजू लागतात, आणि बहुधा कासरा आधी सैल होतो. मग माणूस स्वस्थ बसलेला असतानाही नाडी धावत राहते.

निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिकत नाही. श्वास घेताना ते किंचित वेग घेते, सोडताना मंदावते. एडिंबरोच्या डॉ. डेव्हिड यूइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत यावरून साध्या चाचण्या बसवल्या. मिनिटाला ६ या गतीने खोल श्वास घ्यायचा आणि कार्डिओग्रामवर ठोके पाहायचे. वेगातला फरक १५ किंवा अधिक असेल तर ठीक. १० किंवा कमी असेल तर तारा दुखावल्याची शंका. वयोमानाने हा फरक घटतोच, म्हणून निष्कर्ष डॉक्टरांनीच काढावा.

दुखावलेली तार स्वतः दुखत नाही, हीच खरी गोम. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना झटका येऊन गेला, हे दोन दिवसांनी कार्डिओग्राम काढल्यावर कळले. “छातीत तर काहीच दुखलं नाही ना! घाम आला, थकवा वाटला, म्हटलं उन्हानं असन,” असे ते सांगत होते. धोक्याची घंटा वाजवणारी तारच निकामी झाली, तर घंटा वाजणार कशी? साखर एकाएकी उतरताना होणारी धडधडही अशा माणसाला जाणवेनाशी होते. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळीच.

व्यायामाने या तारा सावरतात का? व्हिएन्नाच्या डॉ. किंगा होवोर्का यांच्या गटाने १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इन्शुलिन घेणाऱ्या २२ मधुमेहींना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास जागेवरची सायकल चालवायला लावली. ज्यांच्या तारा शाबूत होत्या किंवा नुकत्याच बिघडू लागल्या होत्या, त्यांच्या ठोक्यांतला निरोगी चढउतार वाढला. ज्यांचे नुकसान फार पुढे गेले होते, त्यांच्यात बदल दिसला नाही. आणि व्यायाम थांबवल्यावर ६ आठवड्यांत कमावलेले सारे गेले! प्रयोग लहान होता खरा, परंतु व्यायामाने ठोक्यांचे नियमन सुधारते, असे पुढच्या अनेक अभ्यासांतही आढळले.

माझी हयात बँकेत गेली, म्हणून आवर्ती ठेवीचा दाखला सुचतो. तिथे हप्ता चुकला तर थोडाफार दंड बसतो, मुद्दल शिल्लक राहते. इथे हप्ते थांबले की मुद्दलही हळूहळू उतरते. शिवाय खाते लवकर उघडणाऱ्यालाच व्याज चांगले.

हप्ता तरी केवढा? आठवड्याला १५० मिनिटे झपझप चालणे, आणि सलग दोन दिवसांहून अधिक खंड नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. तारा बिघडलेल्यांनी नाडी मोजून वेग ठरवू नये, कारण त्यांची नाडी खरे सांगत नाही. खिशात साखर ठेवावी, घरी आल्यावर तळपाय पाहावेत. घामाचे तंत्र बिघडलेल्याला आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन बाधते. त्याने उन्हे चढण्याआधीच परतावे. चक्कर येत असेल किंवा मधुमेह जुना असेल, तर आधी तपासणी. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची मोठी रुग्णालये आपल्याला जवळच आहेत.

वर्धेकरांना चालण्याचे महत्त्व बाहेरून शिकायला नको. गांधीजी सेवाग्रामात सकाळ-संध्याकाळ फिरायला जात. विनोबांची १९५१ साली सुरू झालेली पदयात्रा तेरा वर्षे चालली.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. म्हणजे प्रश्न शेजारच्या घराचा नाही, आपल्याच घराचा आहे. “घरकामात चालणं होतेच की,” म्हणणाऱ्या आईलाही सकाळचा अर्धा तास मोकळा करून द्या. ज्याला कालपरवाच ‘शुगर निघाली’ असे कळले, त्याने तर अजिबात थांबू नये. त्याच्या हातात कासरा अजून घट्ट आहे.