ठासणीच्या बंदुकीची घडण : चाकणच्या वेढ्याच्या अनुषंगानें

इ. स. १६६० च्या चाकणच्या वेढ्याची हकीकत वाचकांस परिचित आहे. शाएस्तेखान २१ जून रोजीं संग्रामदुर्गापुढें आला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें ऐन पावसाळ्यांत सुमारें दोन महिने किल्ला लढविला. १४ ऑगस्ट रोजीं सुरुंगानें बुरूज उडाला आणि दुसऱ्या दिवशीं किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. त्यांच्याकडील २६८ माणसें ठार व ६०० जखमी झालीं, असा आंकडा यदुनाथ सरकार यांनीं दिला आहे. भुईकोटास डोंगराचा आधार नसतो. खंदक, तट व तटावरील मारा हेंच त्याचें बळ. त्या माऱ्यांत तोफांच्या जोडीस असणारी जी ठासणीची बंदूक, ती घडवीत कशी, आणि जुनी नळी हातीं आली असतां तिच्यावरून काय वाचतां येतें, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. कारण जुन्या कागदांत ते वारंवार येतात आणि वस्तु पाहिल्यावांचून नीट उलगडत नाहींत. दारू व गोळी नळीच्या तोंडांतून घालून गजानें ठासावयाची, म्हणून ही बंदूक ‘ठासणीची’. नळीच्या बुडाशीं असलेलें बारीक छिद्र तो ‘कान’. कानाबाहेरच्या वाटींत घातलेली बारीक दारू ती ‘रंजक’. जळती सुती दोरी ती ‘तोडा’ अथवा ‘जामगी’. नेम धरण्याची टोंकाची खूण ती ‘माशी’ व लांकडी अंग तो ‘कुंदा’. चाप ओढतांच तोडा धरणारा वांकडा आंकडा वाटीवर येई, रंजक पेटे, आणि कानावाटे अग्नि आंत शिरे. रंजक नुसतीच भडकून बार न झाला, तर बंदूक ‘रंजक प्याली’ असें म्हणत. पावसांत तोडा विझे, रंजक भिजे. चाकणास दोन्ही पक्षांना केवढी अडचण पडली असेल, हें यावरून ध्यानांत येईल.

खरें कौशल्य नळींत. अबुल फजल यानें आईन-इ-अकबरींत दोन रीती सांगितल्या आहेत. पहिलींत लोखंडाचा पत्रा ठोकून वळावयाचा आणि कडेला कड भिडवून सांधावयाची. अशा नळ्या फुटून अपघात होत. दुसरींत पत्रा कागदाच्या गुंडाळीप्रमाणें तिरपा वळीत. एक कड दुसरीवर चढवीत आणि भट्टींत हळूहळू तापवून सांधीत. सरळ सांध्यावर दारूचा सारा जोर एकाच रेषेंत येतो. तिरप्या वेढ्यांत तो विभागला जातो. लांब बंदुकीसाठीं तीन-चार तुकडे जोडीत. नळ्या आंतून स्वच्छ करण्यासाठीं बादशाही कारखान्यांत जनावरानें फिरविलेलें चाक होतें. त्यावर सोळा नळ्या एकदम साफ होत. ज्या कारागिराजवळ असें साधन नव्हतें, त्यास हेंच काम हातानें करावें लागे.

संस्कृताभ्यासी वाचकांस येथें शुक्रनीतींतील ‘लघुनालिक’ आठवेल. पांच वितस्ति लांबीची नळी, मुळाशीं छिद्र, नेमासाठीं तिलबिंदु, लांकडी कुंदा, हें सर्व तेथें आहे. परंतु आघातानें ठिणगी पाडणारा दगडही तेथें आहे. आणि चकमकीची बंदूक तर तोड्याच्या बंदुकीनंतरची. तेव्हां तो भाग प्राचीन मानून पुराणकाळीं बंदुका होत्या असें सिद्ध करूं पाहणें युक्त नव्हे. प्रत्यक्ष बंदूक पाहणाऱ्या पंडितानें केलेलें वर्णन म्हणून मात्र त्याचें मोल आहे.

१८५७ नंतरचें निःशस्त्रीकरण, १८७८ चा हत्यारांचा कायदा आणि टोपीच्या व त्यानंतरच्या कारखानी बंदुका यांनीं हा धंदा मोडला. अमेरिकेंतही असेंच झालें होतें. अठराव्या शतकांत पेन्सिल्व्हानियांतील जर्मन वंशाचे कारागीर लोखंडी पट्टी सळईभोंवतीं वळून सांधीत व आंत मळसूत्री खाचा हातानें पाडीत. ही विद्या लोपल्यावर व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गसलर यांनीं जुन्या हत्यारांनीं संपूर्ण रायफल घडवून दाखविली आणि १९६९ सालीं त्या कृतीचा चित्रपट निघाला. त्यांस जुन्या वस्तूंवरूनच पुष्कळ शिकावें लागलें. आपल्याकडे त्या वस्तूच मोडींत जात आहेत.

म्हणून संग्राहकांस विनंति, कीं नळी ही पोथीच समजावी. तिला कानशीनें वा कांचकागदानें उजळा देऊं नये. पुसट अक्षरें, आंकडे व सांध्याची रेघ त्यांत नाहींशीं होतात. प्रथम गज आंत घालून खोली मोजावी व बाहेरून कानापर्यंतच्या लांबीशीं ताडावी. खोली कमी भरल्यास आंत जुना बार असण्याचा संभव आहे. अशी नळी आगीपासून दूर ठेवून जाणकाराच्या स्वाधीन करावी. मग लांबी, वजन, तोंडाचा व्यास, कानाची बाजू आणि सांधा सरळ कीं तिरपा, हें टिपून ठेवावें. वस्तु कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत मिळाली, हेंही लिहावें.

चाकण व पिंपरी-चिंचवड येथें आज यंत्रांवर लोखंड कातलें जातें. त्याच भूमीवर हातानें वळलेल्या नळ्यांनीं एक किल्ला दोन महिने झुंजला. त्या नळ्या घडविणाऱ्यांचीं नांवें बखरींत नाहींत; त्यांचा लेख लोखंडावरच आहे, आणि तो एकदां घासला गेला म्हणजे त्याची दुसरी प्रत मिळावयाची नाहीं.