हसरी भुतं, लेखांक ६ : वेठीला धरलेला जिन

गेल्या आठवड्यात आपण ऑस्कर वाइल्डच्या कँटरव्हिलच्या भुताची फजिती पाहिली. १८८७ सालचं ते खानदानी भूत रात्री साखळ्या खुळखुळवत निघालं, तर घराचा नवा अमेरिकन मालक त्याला साखळ्यांना लावायला तेलाची बाटली देऊ करतो. तिथे भूत हास्याचा विषय होतं. आजच्या कादंबरीत भूतच हसतं, आणि हसतं ते आपल्याला, म्हणजे माणसांना.

कादंबरी आहे जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाची 'द ॲम्युलेट ऑफ समरकंद'. २००३ साली ती आली, पाठोपाठ २००४ मध्ये 'द गोलेम्स आय' आणि २००५ मध्ये 'टॉलेमीज गेट'. ही त्रयी किशोरांसाठी लिहिलेली आहे. तरी माझं मत विचाराल तर तिचा खरा वाचक नोकरी करून, साहेबांचे हुकूम झेलून घरी आलेला मोठा माणूसही असू शकतो.

गोष्ट लंडनमधली. या लंडनमध्ये राज्य करतात ते मांत्रिक. पंतप्रधान मांत्रिक, मंत्री मांत्रिक, वरचे अधिकारीही मांत्रिकच. ग्लॅडस्टन हा आपल्या इतिहासात चार वेळा पंतप्रधान झालेला उदारमतवादी गृहस्थ. इथे मात्र तो प्राग जिंकून ब्रिटिश साम्राज्याला जगाच्या डोक्यावर बसवणारा महामांत्रिक आहे. मांत्रिक नसलेली जनता म्हणजे 'सामान्य'. त्यांनी दुकानं चालवायची, लढायांत मरायचं आणि कारभार कसा चालतो हे विचारायचं नाही.

आता स्ट्राउडचा डाव पाहा. या मांत्रिकांच्या अंगात जादू अशी काडीचीही नाही. त्यांना येतात फक्त मंत्र, रिंगणं आणि नावं. त्यांच्या जोरावर ते दुसऱ्या लोकातून भुतं खेचून आणतात आणि कामाला जुंपतात. पहारा, हेरगिरी, चोरी, बांधकाम, लढाई, सगळं भुतांकडून. भुतांचीही उतरंड आहे: तळाला चिल्लर इंप, मग फोलिअट, मग जिन, त्याच्यावर अफरीत, त्याच्यावर मारिद. या लोकात राहणं त्यांना यातना देतं, फार काळ राहिली तर ती झिजत जातात. पगार नाही, सुटी नाही, हुकूम मोडला तर भयंकर शिक्षा. याला आपल्याकडे वेठबिगारी म्हणतात. अख्खं साम्राज्य या वेठबिगारीवर उभं आहे आणि कादंबरीचा निम्मा भाग एक वेठबिगार सांगतो.

त्याचं नाव बार्टिमियस. वय पाच हजार वर्षांच्या घरात. उरुकच्या आणि कर्नाकच्या भिंती बांधल्याचं सांगणारा, राजा सॉलोमनशी बोलल्याची फुशारकी मारणारा हा जिन पहिल्याच पानावर एका लंडनच्या घरात हजर होतो, तो पूर्ण सरंजामासह. खोली गारठते, पडद्यांवर बर्फ धरतं, मेणबत्त्या विझू पाहतात, गंधकाचा वास सुटतो, धुराचा लोट उठतो. समोर मात्र दाढीवाला म्हातारा मांत्रिक नाही. रिंगणात उभा आहे जेमतेम बारा वर्षांचा, लटपट कापणारा एक पोरगा. इतका देखावा वाया गेला म्हणून जिनाला अपमान वाटतो. त्याहून मोठा अपमान पुढे आहे, कारण पोराचे मंत्र बिनचूक आहेत आणि हुकूम ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. हुकूम असा की, सायमन लव्हलेस नावाच्या बड्या मांत्रिकाच्या घरातून समरकंदचा ताईत चोरून आण.

बार्टिमियस बोलतो प्रथमपुरुषी, आणि त्याच्या प्रकरणांना पानोपानी तळटिपा आहेत. विनोदी कादंबरीत तळटिपा देणारा स्ट्राउड पहिला नव्हे. टेरी प्रॅचेटने आपल्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेत त्यांचा मनमुराद वापर केला होता. पण तिथे तळटीप लेखकाची असते, इथे ती पात्राची आहे. तिचं कारणही जिन स्वतःच देतो: त्याच्यासारख्या जीवांची बुद्धी एकाच वेळी अनेक पातळ्यांवर चालते, माणसाला ते झेपत नाही, म्हणून बिचाऱ्या वाचकासाठी ही सोय. म्हणजे वाचायला सुरुवात करताच आपण बावळट ठरलेलो असतो.

या तळटिपांत काय नाही? इतिहासातल्या थोर मांत्रिकांची चव्हाट्यावर आणलेली लफडी, कुणाचा शेवट रिंगण आखताना झालेल्या एका चुकीने झाला त्याची हकिकत, इतर भुतांबद्दलची कुचाळकी, स्वतःची वारेमाप स्तुती. वर मजकुरात बढाई आणि खाली बारीक टाइपात तिची अर्धीमुर्धी कबुली, हा खेळ तर फारच गमतीचा. पण चार-पाच प्रकरणं झाली की लक्षात येतं, या माणसाला, चुकलो, या जिनाला मोकळेपणाने बोलायला तेवढीच जागा आहे. देह त्याने कुठलाही धारण केला, मांजर, कबुतर, कोळी, तरी तो हुकमाचा बांधील. मान तुकवायची वर, टोमणा मारायचा खाली. विद्वान लोक तळटिपेत पुरावा देतात. हा गुलाम तळटिपेत मालकांचा अधिकृत इतिहास दुरुस्त करतो. राजांनी बांधली म्हणून शाळेत शिकवतात त्या भिंतींचे दगड कुणी वाहिले, ते आपल्याला पानाच्या तळाशी कळतं.

दुसरी गंमत दृष्टीची. या जगात अस्तित्वाचे सात स्तर आहेत. माणसाला दिसतो फक्त पहिला. मांत्रिक डोळ्यांत खास भिंगं घालून तिसऱ्यापर्यंत पोहोचतात. मांजराला दोन दिसतात. जिनाला सातही. त्यामुळे पहिल्या स्तरावर पायरीवर बसलेलं निरुपद्रवी पाखरू वरच्या स्तरावर कोण असेल याचा नेम नाही. राज्यकर्त्यांना थोडंच दिसतं आणि नोकरांना सगळं, ही व्यवस्था लंडनपुरती मर्यादित आहे असं मला वाटत नाही.

पोराची प्रकरणं मात्र तृतीयपुरुषी, तळटिपांशिवाय आणि जवळजवळ विनोदाशिवाय. त्याचं नाव नॅथानिएल. त्याला पाचव्या वर्षी आईबापांनी पैसे घेऊन सरकारच्या हवाली केलेलं. तिथून तो आर्थर अंडरवुड नावाच्या सुमार मांत्रिकाचा शिष्य झाला. मांत्रिकाचं जन्मनाव कुणाला कळता कामा नये, कारण ते हाती लागलं की भूत मंत्र मांत्रिकावरच उलटवू शकतं. पण अंडरवुडची बायको पोराला पहिल्या दिवशीच मायेने नाव विचारते आणि तो सांगून टाकतो. अख्ख्या घरात त्याला नावाने हाक मारणारी ती एकटी. आणि त्या मायेपोटी मारलेली हाकच जिनाच्या कानावर पडते.

एक प्रसंग सविस्तर सांगायलाच हवा. घरी पाहुणे जमलेत. लव्हलेस पोराची थट्टा करायला प्रश्न विचारतो, पोरगा खरीखुरी उत्तरं देतो. हुशारी सहन न होऊन लव्हलेस अदृश्य हस्तकाकरवी त्याला पकडून बदडवतो. गुरू बाजूला उभा राहून पाहतो, एक शब्द बोलत नाही. मध्ये पडते ती फक्त चित्रकलेची शिक्षिका, मिस लुट्येन्स. तिची नोकरी जाते. ताईत चोरायच्या बेताचं मूळ या एका संध्याकाळी आहे. स्ट्राउडने इथे एकही कोटी केलेली नाही आणि ते त्याने फार शहाणपणाने केलंय.

नाव कळल्यावर आता जिन वरचढ होणार, इतक्यात पोरगा नवा फास टाकतो. तंबाखूचा एक डबा, त्यात रोझमेरीच्या काड्या, तो थेम्समध्ये फेकलेला. ठरलेल्या मुदतीआधी पोराचं बरंवाईट झालं तर बार्टिमियस कायमचा त्या डब्यात. म्हणजे छळणाऱ्याचाच जीव सांभाळत हिंडायची पाळी. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मध्ये कोळ्याच्या जाळ्यात आलेला तांब्याचा घडा आठवतोय ना? सॉलोमनची मोहोर लावून समुद्रात टाकलेला? ती गोष्ट शेकडो वर्षं आपण कोळ्याच्या बाजूने ऐकली. स्ट्राउड ती घड्याच्या आतून सांगतो. कोकणात भूत बाटलीत भरून पुरल्याच्या कथा चवीने ऐकणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आणि हो, या कादंबरीतल्या भुतांना लोखंड आणि चांदी सोसत नाही. बाळंतिणीच्या खोलीत उशाशी कोयता ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको होतं.

त्रयी सगळीच सारख्या तोलाची आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या भागाचा शेवट, पंतप्रधानांसह सगळे बडे मांत्रिक एका हवेलीत कोंडले जातात तो, जरा गोंगाटी आहे. दुसऱ्या भागात नॅथानिएल चौदा वर्षांचा सरकारी अधिकारी झालाय, जॉन मँड्रेक या नव्या नावाने. कडक इस्त्रीचा, आपमतलबी. तो मुद्दामच नकोसा केलाय हे कळतं, पण साडेपाचशेच्या आसपास पानं त्याच्या संगतीत काढणं जड जातं. तिथे किटी जोन्स ही सामान्यांच्या बंडातली मुलगी पुस्तक सावरते. तिसरा भाग सर्वांत चांगला. जिन सारखं एका इजिप्शियन मुलाचं रूप का घेतो, याचं उत्तर त्यात मिळतं. अलेक्झांड्रियाच्या त्या टॉलेमीने भुताला हुकूम सोडण्याऐवजी प्रश्न विचारले होते. पाच हजार वर्षांत असा मालक त्याला एकच भेटला.

या पुस्तकांची भाषांतरं करणाऱ्यांचा घाम त्या तळटिपाच काढत असणार, तेव्हा जमल्यास मूळ इंग्रजीच वाचा. क्रम मात्र पाळा. २०१० मध्ये आलेलं 'द रिंग ऑफ सॉलोमन' कथाकाळाने आधीचं असलं तरी शेवटी वाचायचं. पुढच्या आठवड्यात स्ट्राउडचंच 'लॉकवुड अँड कंपनी' घेऊ. त्यातली भुतं फक्त मुलांना स्पष्ट दिसतात आणि मोठी माणसं त्या मुलांवर देखरेख करून पैसा कमावतात.