कोकणची सहल : आधी मुक्काम ठरवा, मग स्थळे

कापसाच्या एक-दोन वेचण्या आटोपल्या आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या देवळीतून गाड्या कोकणाकडे निघतात. पूर्वी माहूर, शेगाव, फार तर अष्टविनायक होत असे. आता मुलांना समुद्र पाहायचा असतो, आणि तो दाखवावाच. निघण्यापूर्वी पुष्कळ मंडळी दवाखान्यात येतात आणि उलटीच्या, जुलाबाच्या, तापाच्या गोळ्या लिहून घेतात. मी चिठ्ठी लिहिता लिहिता एकच प्रश्न विचारतो : रात्री कुठे थांबणार? बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. "थांबाचं कायले डॉक्टरसाहेब? दोन डायवर हायेत. रातोरात पोचून जाऊ."

आजचा लेख या उत्तरासाठी आहे.

गेल्या महिन्यात एका शिक्षकांनी आपल्या सहलीचा कागद मला दाखवला. सात माणसे, त्यात अडुसष्ट वर्षांचे मधुमेही वडील आणि चार वर्षांची मुलगी. रात्री नऊला देवळी सोडायची, दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतीपुळे, लगेच दर्शन आणि समुद्रस्नान, रात्री रत्नागिरी. तिसऱ्या दिवशी पावस, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण. चौथ्या दिवशी गोवा आणि पाचव्या रात्री परतीचा प्रवास. कागदावर अकरा ठिकाणांची नावे होती. जेवणाची वेळ एकही नव्हती आणि झोपेसाठी पाच रात्रींपैकी तीनच.

देवळीहून रत्नागिरी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास पडते. मोबाईलवरचा नकाशा याचे जे तास दाखवतो ते गाडीचे तास असतात, माणसाचे नव्हेत. नकाशाला लघवी लागत नाही, भूक लागत नाही आणि झोपही येत नाही.

झोपेचे गणित वाचकांनी नीट समजून घ्यावे. सकाळी सहाला उठलेला माणूस दिवसभर कामधंदा करून रात्री नऊला गाडी चालवायला बसतो, तेव्हा त्याला जागून पंधरा तास झालेले असतात. आर्णीच्या आसपास पोहोचेपर्यंत सतरा तास होतात. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची नजर, हात आणि निर्णय हे रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या कायद्याने मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेता तो माणूस कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. त्यातही रात्री दोन ते पहाटे पाच हा काळ सर्वांत वाईट. शरीराचे आतले घड्याळ त्या वेळी झोपेकडेच ओढते आणि डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपून जातो. ताशी शंभरच्या वेगाने गाडी चार सेकंदांत एकशे दहा मीटर पुढे जाते. चहा, तंबाखू, खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे यांनी झोप पुढे ढकलल्यासारखी वाटते, जात नाही. दुसरा ड्रायव्हर मागच्या सीटवर बसल्या बसल्या डुलक्या घेत आलेला असतो. त्याला झोप म्हणत नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यातील माणसेही होती. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. मला त्या बातमीतली वेळ तेवढी विसरता येत नाही.

पगारी ड्रायव्हरसाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असे तो सांगत असे. घरची गाडी चालवणाऱ्या मुलाला वा जावयाला हा कायदा लागू नव्हता, पण त्याचे शरीर ड्रायव्हरच्या शरीरापेक्षा वेगळे नाही. भाड्याची गाडी केली असेल तर ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय स्वतः डोळ्यांनी पाहा. आपण खोलीत आणि तो गाडीत डास मारत, असे झाले तर दुसऱ्या दिवशी सात जणांचा जीव त्याच डासांच्या हवाली असतो.

त्या शिक्षकांच्या कागदामागे आम्ही दोघांनी मिळून दुसरा कागद तयार केला, तो सांगतो. पहाटे पुरी झोप घेऊन सहाला निघायचे. यवतमाळ, नांदेड, लातूर असा तुळजापूरचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो. हे अंतर साडेचारशेच्या आसपास आहे. दर दोन तासांनी थांबत गेलो तरी दिवस मावळण्यापूर्वी तुळजापूर येते. ज्यांच्या घरी फार थकलेली माणसे आहेत त्यांनी नांदेडलाच पहिला मुक्काम करावा. निम्म्या वाटेवर आहे आणि मोठे दवाखाने आहेत. तुळजापूरला रात्री झोप, पहाटे भवानीचे दर्शन, मग सोलापूरवरून कोल्हापूर. दुसरा मुक्काम कोल्हापूर. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात आंबा घाट उतरायचा आणि जेवायला गणपतीपुळे गाठायचे. या हिशेबात दोन दिवस जास्त जातात हे खरे. पण त्या दोन दिवसांत तुळजाभवानी आणि अंबाबाई, दोन्ही दर्शने झाली. आजीबाई तेवढ्यावरच खूश होत्या.

समुद्राकाठचे किलोमीटर आपल्यासारखे नसतात, हे आपल्या लोकांना तिथे गेल्यावरच कळते. गणपतीपुळे ते मालवण हे अंतर दोनशेच्या आतबाहेर, पण आरे-वारे, भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर करत सागरी मार्गाने गेलात तर चढउतार, वळणे आणि गावांतल्या अरुंद गल्ल्या यांत जवळजवळ अख्खा दिवस जातो. उत्तरेकडे दापोली-गुहागरच्या बाजूला जायचे तर दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून खाडी ओलांडावी लागते. फेरीबोटीची वाट पाहावी लागली तर कुरकुर करू नये. पाय मोकळे करायला यापेक्षा चांगली जागा नाही.

म्हणून रोज नवे लॉज करू नये. दोन रात्री गणपतीपुळे, दोन रात्री मालवण किंवा तारकर्ली, एवढे पुरे. रोज सामान बांधणे आणि उतरवणे यात घरातल्या बायका थकतात, मुलांची झोप मोडते आणि गोळ्यांचा डबा हमखास मागच्या लॉजवर राहतो. गणपतीपुळ्याला राहून एका दिवसात रत्नागिरी होते. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी ज्यात नजरकैदेत ठेवले तो राजवाडा. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. मालवणला राहून सिंधुदुर्ग करावा. १६६४ मध्ये महाराजांनी पाया घातलेला हा किल्ला चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! पावसाळ्यात होड्या बंद असतात. विजयदुर्ग वाटेवरून थोडा आत आहे. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर तो वगळला तरी चालेल. गोवा मी त्या कागदावरून खोडला. गोव्यासाठी वेगळी सुट्टी काढावी.

मुक्काम निवडताना खोलीतून समुद्र दिसतो का, हे शेवटी विचारा. जिना किती पायऱ्यांचा, संडास कमोडचा आहे का, मोठे रुग्णालय तासाभराच्या आत आहे का, हे आधी. रत्नागिरीला आणि ओरोसला शासकीय रुग्णालये आहेत. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, पण कोकणातल्या वळणांवर तिलाही वेळ लागतो.

आता वाटेतल्या प्रकृतीविषयी. बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण लघवीला कुठे जायचे हा प्रश्न असतो. त्यातून परतल्यावर लघवीची जळजळ आणि ताप घेऊन दवाखान्यात येतात. थांबे पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहावर ठरवा आणि गाडी चालवणाऱ्या पुरुषाने ते न सांगता थांबवावेत. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांना सूज येते, क्वचित शिरेत रक्ताची गुठळीही होते. दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालणे हाच त्यावर उपाय. एकाच पोटरीत दुखणे आणि सूज आली, किंवा एकाएकी धाप लागली, तर पुढचे स्थळ सोडून रुग्णालय गाठावे.

रक्तदाबाच्या काही रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी असते. प्रवासात ती चार-चार दिवस बंद केली जाते आणि पाचव्या दिवशी दम लागतो. बंद करू नका. वेळ बदलून घ्यायला डॉक्टरांना विचारा. मधुमेह्यांचे जेवण लांबले की घाम, थरथर, चिडचिड सुरू होते. लोक म्हणतात, बाबांना प्रवासाचा त्रास झाला. तो त्रास नसतो, साखर उतरलेली असते. शुद्धीवर असतील तर साखरपाणी लगेच द्या. गुंगीत असतील तर तोंडात काहीही ओतू नका. इन्सुलिन डिकीत वा काचेखाली ठेवू नये, उन्हात बंद गाडी पन्नास अंशांच्या वर तापते. बर्फालाही चिकटवू नये, गोठले की निकामी होते. औषधांचे दोन संच करून एक हातातल्या पिशवीत ठेवावा, आणि नावे-मात्रा लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी.

घाटात ओकारी येते ती पोटामुळे नव्हे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतो आहोत, आणि मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळते. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवा, दूर रस्त्याकडे पाहू द्या, सकाळी तेलकट देऊ नका. गोळी घाटापूर्वी तासभर घ्यावी लागते. ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. गाडी चालवणाऱ्याने ती मुळीच घेऊ नये, तिने झोप येते. दोन वर्षांच्या आतील बाळाला देऊ नये.

आपण पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे काढलेली माणसे, कोकणातले बत्तीस अंश आपल्याला काय करणार, असे वाटते. पण आपल्याकडे घाम वाळतो आणि अंग गार होते. तिथल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून किल्ले सकाळी दहाच्या आत करावेत, आणि मीठ-साखरेचे पाणी सोबत असावे.

सगळ्यात जास्त काळजी मला समुद्राची वाटते. आपली पोहण्याची शाळा म्हणजे विहीर, धाम नाही तर यशोदा. नदी एकाच दिशेने वाहते. समुद्र पायाखालची वाळू ओढत माघारी जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुड-जंजिऱ्याला सहलीला आलेले १४ विद्यार्थी भरदिवसा बुडाले. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरही धोक्याचे फलक आहेत, तरी रात्रभर जागून आलेली माणसे दर्शन होताच तशीच पाण्यात शिरतात. थकलेल्या माणसाने पोहोचल्या दिवशी समुद्रात उतरूच नये. मुक्काम दोन रात्रींचा असेल तर ही घाई उरतच नाही.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला ठोकताळा घरच्या पंचांगावरून जमतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, आणि दुपारभर पाणी जोराने मागे सरत असते. त्या दिवशी उधाणही मोठे. सहलीची तारीख ठरवताना पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस टाळलेले बरे. मात्र तिथी पाहिली म्हणून निर्धास्त होऊ नये. मुरुडची घटना घडली तो दिवस पौष वद्य अष्टमीचाच होता. स्थानिक कोळी आणि जीवरक्षक जिथे नको म्हणतील तिथे नको. गुडघ्याच्या वर जाऊ नये, लहान मुलांचा हात सोडू नये. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजू नये, उताणे तरंगावे, हात वर करून हाक मारावी. पोहता येणाऱ्याने किनाऱ्याला समांतर सरकून त्या ओढीतून बाहेर पडावे. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे धरून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब द्यावा, मदत येईपर्यंत.

घरगुती निवासात उतरलात तर चपला आणि पांघरुणे झटकून घ्यावीत. कोकणातला लाल विंचू मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीने हे रुग्ण वाचतात हे दाखवले, म्हणून झाडपाल्यात वेळ न घालवता जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

परतताना लोक सगळ्यात जास्त घाई करतात, कारण सोमवारी शाळा असते, ऑफिस असते. परतीचेही दोन मुक्काम धरा. मालवणहून कणकवली, फोंडा घाट चढून कोल्हापूर, मग तुळजापूर किंवा लातूर, आणि घरी शनिवारी दिवसा पोहोचण्याचा बेत करा. रविवार कपडे धुवायला आणि झोपायला लागतोच. त्या शिक्षकांची सहल या हिशेबाने दहा दिवसांची झाली. खर्च वाढला म्हणून त्यांनी तोंड वाकडे केले, आणि रजेचा अर्ज लिहायला माझेच पेन मागून घेतले.