ट्रॉलीचा दिवा व परतीची तार

ऊस-गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याच्या वाटेवर, दिवस मावळल्यानंतरहि, उसानें शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या चालत असतात. ट्रॅक्टरचा पुढील दिवा लख्ख असतो; परंतु मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास त्याचा कांहींच उपयोग नाहीं. त्याचा जीव ट्रॉलीच्या पाठीवरील तांबड्या दिव्यावर अवलंबून, आणि जेथें जेथें ऊस वाहिला जातो तेथें तेथें पुष्कळदां नेमका तोच मिणमिणतो किंवा मुळींच पेटत नाहीं. नवा दिवा बसविला तरी चार दिवसांनीं पुनः तेंच. याचें कारण आम्ही येथें सांगूं इच्छितों. कारण दोष बहुधा दिव्यांत नसून परतीच्या वाटेंत असतो.

विजेचा प्रवाह रहाटाच्या माळेसारखा आहे. गेलेलें परत आलें तरच फेरा चालतो. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेल्या प्रवाहास दिव्यांतून जाऊन ऋण टोकाशीं परतावेंच लागतें. ट्रॅक्टरवर या परतीसाठीं प्रत्येक दिव्यास निराळी तार नसते. बॅटरीचें ऋण टोक जाड तारेनें सांगाड्यास जखडलेलें असतें, व दिव्यांचा प्रवाह त्या लोखंडांतूनच परततो. कारागीर या जोडणीस ‘अर्थ’ म्हणतात. हें नांव मात्र घोंटाळ्यांत टाकणारें आहे. म्यूनिक येथें श्टाइनहाइल यांनीं १८३८ सालीं तारायंत्राच्या परतीच्या तारेऐवजीं खरोखरच जमिनीचा उपयोग करून दाखविला. तेथें पृथ्वीचें नांव शोभतें. घरच्या अर्थिंगची तारहि मीठकोळशाच्या खड्ड्यांत पुरतात. पण रबरी चाकांवर उभ्या असलेल्या ट्रॉलीचा जमिनीशीं काय संबंध? लोखंडी सांखळी रस्त्यावर लोंबती सोडल्यानें तिचा दिवा पेटेल ही समजूत व्यर्थ होय. ट्रॉलीची ‘पृथ्वी’ म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीचें ऋण टोक.

आतां दोहोंचा सांधा पाहूं. आंकड्यांतून खालीं सोडलेली एक लोखंडी पिन, तिला वंगण फांसलेलें, वर गंज व चिखल चढलेला, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ती आपल्या भोकांत हलणारी. ज्या ट्रॉलीस परतीची तार नाहीं, तिच्या सर्व दिव्यांचा प्रवाह या पिनेवरून परततो. ओझें ओढावयास ही जागा उत्तम, वीज न्यावयास अगदीं वाईट. थोडा हिशेब करूं. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकीं २१ वॅटचे धरल्यास १२ व्होल्टांवर साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे दोहोंचा मिळून रोध सुमारें ३.४ ओहम. गंजानें त्यांत अवघ्या एका ओहमची भर घातली, तर दिव्यांच्या वांट्यास जेमतेम ९ व्होल्ट उरतात. दाब पाव भाग घटला म्हणून प्रकाशहि पावच घटेल असें नव्हे. तंतूचा दिवा दाब उतरतांच फार झपाट्यानें मंदावतो, आणि येथें त्याचा उजेड निम्म्याहूनहि खालीं जातो.

सांधा पुरता तुटला तर याहून चमत्कारिक प्रकार दिसतो. ब्रेक दाबावा तर वळणाचे दिवे मिणमिणतात! परतीची वाट बंद झालेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूंत उलटा शिरतो, त्याच्या तारेनें ट्रॅक्टरकडे जातो, व तेथील दिव्यांतून सांगाडा गांठतो. हें लक्षण दिसलें कीं दिवे बदलण्यांत पैसा घालवूं नये.

उपाय साधा आहे. ट्रॉलीच्या सांगाड्यापासून सॉकेटमार्गें ट्रॅक्टरपर्यंत एक स्वतंत्र तार न्यावी. सात खिळ्यांच्या सॉकेटांत तिसरा खिळा याच कामास राखलेला असून संकेतानें त्याची तार पांढरी असते. मागील दिव्यांचे १०, ब्रेकचे ४२ व एका वळणदिव्याचे २१ असे ७३ वॅट, म्हणजे सुमारें सहा अँपिअर, या एकाच तारेनें परततात. म्हणून ती इतर तारांहून जाड, अडीच चौरस मिलिमीटरची असावी. जोडाची जागा कानशीनें घासून लोखंड चकचकीत करावें, बोल्ट आंवळावा, आणि मग वरून वंगणाचा लेप द्यावा. हंगामापूर्वीं ट्रॉलीस रंग देतांना बोल्टाखालींहि रंग जातो, व दिसावयास झकास झालेली ट्रॉली अंधारांत पडते! परीक्षाहि सोपी आहे: बॅटरीच्या ऋण टोकापासून आणलेली लांब तार दिव्याच्या धातूच्या बुडास टेंकवावी. दिवा एकदम उजळला, तर दोष परतीचाच.

एकामागें एक दोन ट्रॉल्या असतील, तर परतीच्या वाटेंत दोन पिना येतात, आणि जो दिवा मागील वाटसरूस दिसावयाचा, तोच सर्वांत दुबळा ठरतो. तेव्हां ही तार दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत अखंड नेली पाहिजे. मोटारसायकलीमागें जोडलेल्या लहान गाड्यासहि हाच नियम लागू आहे. तेथील गोल सांधाहि वंगणानें माखलेलाच असतो. मात्र भरल्या ट्रॉलीवरून उसाचे शेंडे मागें लोंबत असतील, तर ते आधीं छाटावे. त्यांच्याआड झांकलेला दिवा कितीहि प्रखर असला तरी कोणास दिसणार?