ऑक्सिजन ९८, तरीही दम लागतो

छातीत धडधड, श्वास पुरत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. कोविडच्या काळात अशा तक्रारी घेऊन आलेल्या अनेकांचा ऑक्सिजन ९८ भरे, ईसीजीही ठीक असे. ‘काही झालेलं नाही’ हे ऐकून ते घरी जात आणि दोन दिवसांनी पुन्हा रांगेत दिसत.

भीती वाटली की शरीरात अॅड्रेनॅलिन सुटते. नाडी वाढते, श्वास जलद होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. हा त्रास खरा असतो. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे आहे. साथीत पंचाईत अशी की दम कोविडमध्येही लागतो. मग दर दहा मिनिटांनी ऑक्सिमीटर बोटाला. आकडा पाहून क्षणभर बरे वाटते आणि म्हणूनच तो पुन्हा पाहावासा वाटतो.

साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व नैराश्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये सांगितले. फटका तरुणांना आणि स्त्रियांना अधिक. शाळा बंद, सगळे घरात, आजाऱ्याची शुश्रूषा. बायकांच्या बाबतीत कारण शोधायला लांब जायला नको.

अनेकांना तर माणसाचे अंत्यदर्शनही झाले नाही, दहाव्याला कोणी येऊ शकले नाही. असे दुःख म्हणजे आजार नव्हे. पण दोन आठवडे रोज, बहुतेक वेळ मन खिन्न, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, कामे अडलेली असतील तर तपासून घ्यावे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहावे. ‘जगून काय करायचं’ असे कोणी बोलले, तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, एकटे सोडू नये.

समुपदेशनाने पुष्कळांना आराम पडतो. काहींना गोळ्या लागतात. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. पाकीट कपाटात जाते ते इथेच. बरे वाटू लागल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते. ते कमी करायचे तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

ऑक्टोबर २०२२पासून सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते. मराठीतून बोलता येते.