परसातील लहान सरीसृप व उभयचर : ओळख आणि जतन

उंबरमाळी हे गाव शहापूर तालुक्यात, कसारा घाटाच्या पायथ्याकडे, मध्य रेल्वेच्या खर्डी व कसारा या स्थानकांच्या दरम्यान वसलेले आहे. येथील व शेजारच्या मुरबाड तालुक्यातील पुष्कळशी घरे भातखाचरे आणि रान यांच्या सीमेवर आहेत. घराभोवती पेंढ्याची उडवी, सरपणाचा ढीग, दगडी बांध आणि पावसाळ्यात साचलेले पाणी असते. अशा परसातील प्राण्यांची ओळख ही घरच्या माणसांच्या निकडीची गोष्ट आहे. हातभर लांबीचा पट्टेदार साप कवड्या म्हणून एखाद्या मुलाने बाटलीत धरला आणि तो मण्यार निघाला, तर त्या चुकीची भरपाई होत नाही.

या दोहोंतील भेद सामान्यतः पट्ट्यांवरून सांगितला जातो. मण्यारीच्या निळसर काळ्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे असतात. ते बहुधा जोडीजोडीने येतात, मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. कवड्याचा रंग बहुधा तपकिरी. त्याचा पहिला रुंद पट्टा मानेवरच असतो आणि शेपटीकडे पट्टे पुसट होत जातात. प्रौढ सापांपुरता हा नियम ठीक आहे. मण्यारीच्या पिलांत मात्र पट्टे पुढल्या भागातही ठळक असतात, आणि मुलांच्या हाती लागणारा साप बहुधा लहानच असतो. जेथे नियमाची गरज सर्वांत अधिक, नेमका तेथेच तो फसतो.

अधिक भरवशाची खूण पाठीच्या मध्यरेषेवरील खवल्यांची. मण्यारीत ही रांग आजूबाजूच्या खवल्यांहून मोठी व षट्कोनी असते. कवड्यात ती इतरांसारखीच असते. शेपटीखालील खवले मण्यारीत अखंड, तर कवड्यात दुभागलेले असतात. परंतु या खुणा दिसण्याइतके सापाजवळ जाणे हेच संकट होय. त्यावर मार्ग कातीचा आहे. टाकलेल्या कातीत खवल्यांची आकृती व मांडणी जशीच्या तशी राहते. आढ्याजवळ किंवा उडवीत सापडलेली कात उजेडात पाहिली, तर घरात कोण येऊन गेले याचा निर्णय सापास हात न लावता होतो. कवड्या पालींच्या मागे भिंती चढतो, तर मण्यार इतर सापांवर उपजीविका करते. तेव्हा एकाच घरात दोघांच्याही काती सापडल्या तर नवल नाही.

मण्यार निशाचर आहे. जमिनीवर निजलेल्या माणसास ती झोपेत दंश करते. वेदना व सूज फारशी नसते, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. पुढे पोटदुखी, पापण्या मिटू लागणे, गिळण्यास त्रास आणि शेवटी श्वसनाचा पक्षाघात ही लक्षणे उद्भवतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर भारतात एकच संयुक्त लस दिली जाते. म्हणून ओळख पटविण्यासाठी साप मारून अथवा पकडून दवाखान्यात नेण्याचे प्रयोजन नाही. त्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होण्याचा संभव वाढतो. दंश झालेला अवयव न हलविता रोग्यास तत्काळ रुग्णालयात पोहोचविणे हेच इष्ट.

कुंडीतील मातीत सापडणारा वाळा याच्या अगदी उलट टोकाचा. सुमारे वीतभर लांबीचा हा बिनविषारी साप गांडूळ समजून दुर्लक्षिला जातो, नाहीतर सापाचे पिलू म्हणून ठेचला जातो. गांडुळाच्या अंगावर वलये असतात. वाळ्याच्या अंगावर गुळगुळीत चकचकीत खवले व डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. तो मुंग्यांची व वाळवीची अंडी-अळ्या खातो. या जातीत नर आढळत नाहीत. मादीच नराविना प्रजोत्पत्ती करते, आणि त्यामुळे कुंडीतून गेलेला एकच वाळा नव्या मुलखात वंश चालवू शकतो. पश्चिम घाटातील देवगांडूळ हा मात्र पायांवाचून असलेला उभयचर आहे. सापसुरळीविषयी, ती विषारी असते हा समज निराधार आहे.

आता जतनाविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ व त्यातील २०२२ ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित जातींचे प्राणी पकडणे अथवा बाळगणे गुन्हा आहे. घोरपड, नाग, धामण हे सर्व त्यात येतात. घरात शिरलेल्या सापासाठी वनखात्यास कळवावे. कायदा बाजूस ठेवला तरी बंद बरणी ही प्राण्याच्या शरीररचनेशी विसंगत आहे. बेडूक कातडीवाटेही श्वास घेतो व पाणी शोषतो. कातडी सुकली की तो मरतो. पालीची व सापसुरळीची शेपटी हाताळण्यातच तुटते. डबक्यातील भैरीपिले एका भांड्यात एकत्र केली, तर मोठ्या पिवळ्या बेडकाची मांसाहारी पिले उरलेल्यांना खाऊन टाकतात. हे पाहण्याची हौस असलेल्याने भांड्याऐवजी डबकेच निवडावे. ज्येष्ठात पहिल्या मोठ्या सरींनंतर या बेडकाचे नर पिवळेधमक होतात व त्यांच्या गळ्याखालील निळ्या पिशव्या फुगतात. ते दृश्य बरणीत कधीच दिसत नाही.

घराशेजारच्या पाण्याच्या टाक्यावर झाडावरचा बेडूक फेसाचे घरटे बांधतो. आतील अंडी फुटली की पिले खालच्या पाण्यात पडतात. तो पांढरा फेस घाण म्हणून धुऊन टाकला जाऊ नये आणि त्या पाण्यात औषध घातले जाऊ नये, एवढे झाले तरी पुरते. घरट्याची तारीख, पाण्यापासूनची उंची व पिले पडल्याचा दिवस वहीत टिपून ठेवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत एका परसाची चांगली नोंद तयार होते.