मोबाईल स्वस्त झाला, घर का महागले?

“प्रत्येक घरात स्मार्टफोन आला, म्हणजे समाज पुढे गेला,” असे आम्हाला शहरातल्या वस्त्यांमधील बैठकांत नेहमी ऐकायला मिळते. पण त्याच घराचे भाडे वाढतच असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी का घडतात, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

३१ जुलै १९९५ रोजी देशात पहिला मोबाईल कॉल झाला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. २०१४ मध्ये एक जीबी डेटा सरासरी २६९ रुपयांना मिळे. २०१८ पर्यंत तो बारा रुपयांच्या आसपास आला. तंत्र सुधारले, उत्पादन वाढले आणि कंपन्यांत स्पर्धा लागली, की वस्तू स्वस्त होते.

जमिनीचे तसे नाही. ती कारखान्यात तयार होत नाही. आपल्या शहरात सिडको आली, वाळूजची एमआयडीसी उभी राहिली, पुढे शेंद्रा-बिडकीन आणि समृद्धी महामार्ग आला. प्रत्येक वेळी आजूबाजूच्या जागेचा भाव चढला. घाम कामगारांनी गाळला, पण वाढलेला भाव ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मिळाला. आपल्यातील बहुतेकांच्या आजोबांच्या नावावर सातबारा नव्हताच. म्हणूनच १९५९ आणि १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांना सत्याग्रह करावा लागला.

आजचा हिशेब पाहा. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे अठरा हजार येतो आणि एकूण फेड त्रेचाळीस लाखांवर जाते. कंत्राटी कामगाराला हे कसे झेपणार? रमाई आवास योजनेत महापालिका हद्दीत अडीच लाखांचे अनुदान आहे, पण त्यासाठी जागा स्वतःची लागते. म्हणजे भिंतींना पैसे मिळतात. सर्वांत महाग झालेली जागा मात्र आपली आपणच आणायची.

बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाच्या खरेदीशक्तीचा प्रश्न मांडला होता. आपणही तोच प्रश्न विचारावा: आपल्या मजुरीत आज किती चौरस फूट जागा येते?

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. एक, गुंठेवारीत केवळ बाँडपेपरवर प्लॉट घेतलेल्या कुटुंबांची कागदपत्रे तपासावीत. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ३१ डिसेंबर २०२० पूर्वीची गुंठेवारीतील बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची तरतूद आहे. दोन, घरकुलासोबत जागाही मिळावी, ही मागणी लावून धरावी. हातातला मोबाईल दोन-तीन वर्षांत जुना होतो. नावावरची जागा पुढच्या पिढीला आधार देते.

जय भीम!